जून कोरा का राहिला?

ताई,
माझं वय २८, लग्नाला दीड वर्ष झालं. माझ्या पाळीची तारीख कधीच ठरलेली नसते. सासूबाई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल करतात. यंदाचे गोल असे: ५ जानेवारी, १ फेब्रुवारी, ५ मार्च, ३ एप्रिल, १ मे, ३० मे, ३ जुलै. मे महिन्यात दोनदा आली तेव्हा म्हणाल्या, "अंगात उष्णता फार." जून कोरा गेला तर शेजारच्या काकूंना गोड बातमीचं सांगूनही मोकळ्या झाल्या. मग पाळी आली आणि घरात सगळ्यांची तोंडं उतरली. आता म्हणतात, पीसीओडी (बीजकोशांचा, हार्मोनच्या बिघाडाचा विकार) असणार. जाऊबाईंची पाळी मात्र दर चौथ्या गुरुवारी येते, गुरुवार चुकत नाही. माझ्यातच काही दोष आहे का? मला मूल होईल ना? (जूनच्या शेवटी नणंदेकडे वास्तुशांत होती, तेव्हा सासूबाईंनी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. बाकी औषध काही नाही.)
– नाव छापू नका

अगं,
तुझं पत्र वाचलं आणि आधी कागद-पेन्सिल घेऊन बसले. बहुतेक जणी "पाळी अनियमित आहे" एवढंच लिहितात, तू तारखा दिल्यास ते फार बरं केलंस.

तारीख बघायची नसते, दिवस मोजायचे असतात. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, तिथपासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. तुझे आकडे निघाले २७, ३२, २९, २८, २९ आणि ३४. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या जागतिक संघटनेने २०१८ मध्ये जे निकष ठरवले, त्यांत २४ ते ३८ दिवसांनी येणारी पाळी नॉर्मल धरली आहे. तुझ्या वयाला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्रात सात दिवसांपर्यंत फरकही चालतो, आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत. रक्तस्राव किती दिवस असतो ते तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या तारखा यात बसतात.

मग मे महिन्यात दोनदा कशी? महिना ३१ दिवसांचा म्हणून. १ मेनंतर २९ दिवसांनी ३० मेच येणार, त्याला उष्णता काय करणार! अगदी घड्याळ लावून २८ दिवसांनी पाळी येणारी बाई घे. ५ जानेवारीनंतर तिला २ फेब्रुवारी, २ मार्च आणि लगेच ३० मार्च. म्हणजे मार्चमध्ये तिचेही दोन गोल. माझी आजी तिथीवर लक्ष ठेवायची, "अमावास्येच्या आगेमागे" म्हणायची. चंद्राचा पाळीशी काही संबंध नाही, पण चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असल्यामुळे तिचा हिशोब इंग्रजी तारखेपेक्षा कमी चुकायचा.

आता कोरा जून. याचं उत्तर तू स्वतःच कंसात लिहिलं आहेस आणि तुला ते दिसलं नाही. ३० मेनंतर २९ दिवस म्हणजे २८ जून. नेमक्या त्या सुमारास तुझ्या पोटात पाळी रोखणारं हार्मोन होतं. त्या गोळ्या थांबवल्या की साधारण दोन-तीन दिवसांनी पाळी येते, तशी ती ३ जुलैला आली. म्हणजे जून कोरा ठेवला तो सासूबाईंनी आणलेल्या पाकिटाने, आणि गोड बातमीही त्याच पाकिटातून निघाली! तो महिना वगळला तर तुझा फरक फक्त पाच दिवसांचा आहे. एक मात्र रागावून सांगते, या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नकोस. रक्ताच्या गुठळ्या किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्या घातक ठरू शकतात, आणि वास्तुशांत पाळीने बिघडते हे मला काही पटत नाही.

जाऊबाईंना हळूच विचार, गर्भनिरोधक गोळ्या घेतात का? त्या पाकिटात २१ दिवस हार्मोनच्या गोळ्या आणि सात दिवस बिनहार्मोनच्या, त्यामुळे वार ठरलेलाच. तो पाकिटाचा नेम, शरीराचा नव्हे. २०१९ मध्ये सहा लाखांहून जास्त पाळीचक्रांच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यांत बरोबर २८ दिवसांची निघाली फक्त १३ टक्के.

मुलाचं म्हणशील तर या तारखांत काळजी करण्यासारखं मला काही दिसत नाही. फक्त बीज चौदाव्या दिवशीच बाहेर पडतं हे सूत्र डोक्यातून काढ. बीज बाहेर पडतं ते साधारण पुढच्या पाळीच्या दोन आठवडे आधी. चक्र ३२ दिवसांचं असेल तर अठराव्या दिवसाच्या आसपास. दिवस मागेपुढे होतात ते पाळीपासून बीज बाहेर पडेपर्यंतच्या पहिल्या टप्प्यात: जागरण, ताप, परीक्षा, प्रवास, वजनातला चढउतार, सगळं तिथे उमटतं. चक्र दर वेळी थोडं हलतं म्हणूनच तारखांच्या भरवशावर गर्भनिरोधनही करू नये.

पीसीओडीची शंका कधी घ्यायची? पाळी सारखी ३५ दिवसांच्या पुढे जाते, वर्षात आठसुद्धा येत नाहीत, शिवाय हनुवटीवर राठ केस, न जाणारे मुरमं. यातलं तू काही लिहिलेलं नाहीस. पण तास-दोन तासांत पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तीन महिने पाळीच आली नसेल, तर डॉक्टरकडे जायचंच. बहुधा हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि सोनोग्राफी करायला सांगतील. आणि आठवडाभर लांबली की मेडिकलमधली प्रेग्नन्सी टेस्ट आधी कर. काकूंना नंतर सांगता येतं.

राहिलं ते कॅलेंडर. त्यावर दुधाचा हिशोब राहू दे, गॅस कधी लावला ते राहू दे. तुझी पाळी तिथे नको. सासूबाईंशी भांडायची गरज नाही, "आई, आता मी माझ्या मोबाईलमध्ये लिहिते" एवढं पुरे. त्यांनी फार विचारलं तर हे उत्तर वाचायला दे, वास्तुशांतीचा परिच्छेद हवा तर बोटाने झाकून.

आणि हो, पुढची पाळी ३० जुलैलाही येऊ शकते. तसं झालं तर जुलैतही दोन होतील. आधीच सांगून ठेवते.