बाल्कनीतलं सुतारकाम: पैसे आधी कशावर घालायचे

तुमचा प्रश्न असा: कोथरूडच्या फ्लॅटची बंदिस्त बाल्कनी, बजेट वीस हजारांपर्यंत, करायचंय पुस्तकांचं शेल्फ आणि मुलांसाठी स्टूल. मग छोटा टेबल सॉ घ्यावा, की ड्रिल-जिगसॉ-ग्राइंडरचा एकत्र सेट? माझ्या मते आत्ता दोन्ही नकोत. एक बरं ड्रिल मशीन घ्या, आणि बाकीचे पैसे हातहत्यारं, क्लॅम्प (लाकूड आवळून धरणारे शिकंजे) आणि धार लावायच्या सामानावर घाला.

नवख्याचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. लाकूड हलतं, नाहीतर हत्याराला धार नसते. मशीन आणल्याने यातलं एकही सुटत नाही.

हलण्याचा बंदोबस्त सोपा आहे. जड, न डुगडुगणारं टेबल भिंतीला टेकवून ठेवा. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगट जिथे येतं, साधारण तेवढी त्याची उंची असावी. एफ-क्लॅम्प चार तरी हवेतच, त्यातले दोन लांब.

धारेबद्दल मात्र नीट सांगतो, कारण इथेच लोक कंटाळून हा छंद सोडतात. पटाशा तीनच घ्या: दोन सूत (पाव इंच), चार सूत (अर्धा इंच) आणि एक इंची. नवी पटाशी दुकानातून धार लावून येत नाही, फक्त तिरकी कड घासलेली असते. जाड काचेवर वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) चिकटवा. ४०० नंबर, मग १०००, मग २०००. आधी सपाट पाठ घ्या. टोकाकडचा इंचभर भाग पूर्ण टेकवून घासा, अगदी कडेपर्यंत एकसारखी चकाकी येईस्तोवर. हे काम पटाशीच्या आयुष्यात एकदाच करावं लागतं, म्हणून टाळू नका. मग तिरकी बाजू. ती साधारण २५ अंशांत असते. शेवटचे हात ३० अंशांवर द्या, म्हणजे कड टिकते आणि दर वेळी सगळी बाजू घासत बसावी लागत नाही. थोडे हात झाले की पाठीवरून बोट अलगद कडेबाहेर सरकवा, कडेच्या लांबीने कधीच नाही. बारीक खरखर लागेल. ती पूर्ण रुंदीभर लागली तरच पुढच्या नंबरवर जा. एका कोपऱ्यात लागत नसेल तर तिथे धार पोचलेली नाही. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे राहील अशा दिशेने ओढून ती खरखर काढून टाका.

परीक्षा पाइनच्या फळीवर घ्या. फळीच्या टोकाला, जिथे रेषांची तोंडं दिसतात, तिथे पातळ काप काढा. पृष्ठभाग गुळगुळीत राहिला तर जमलं. मऊ लाकूड चुरडून खड्डे पडले तर परत काचेवर.

रंधा नवाच हवा असं नाही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात लोखंडी रंधे मिळतात. वरचा गंज चालतो. तळाला, विशेषतः पातं बाहेर येतं त्या फटीच्या कडांना तडा असेल तर घेऊ नका. पात्याच्या पाठीवर धारेजवळ गंजाने खड्डे पडले असतील तर पातं बदलावं लागेल, तो खर्च धरून भाव करा.

गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) घेताना दुकानातच तपासा. सरळ कडेच्या प्लायवर गुण्या टेकवून रेघ मारा, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या बरोबर. वर जाताना फाकल्या तर दुसरा मागा.

सुरुवातीच्या लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहेच, पण सरावाला चाकण-भोसरीच्या कारखान्यांकडून येणारं पॅकिंगचं पाइन स्वस्त पडतं. त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ (HT) म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं; ते घ्या. ‘एमबी’ (MB) म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते घरात आणू नका. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून मोडक्या खिळ्यांचा शोध घ्या, एक खिळा सगळी धार घालवतो. साग मात्र सराव झाल्यावर. दिसायला देखणा, पण त्यात सिलिका असते आणि ती पातं लवकर बोथट करते.

प्लायचे मोठे काप दुकानातूनच मारून आणा. आठ बाय चारचा शीट बाल्कनीत फिरवायला जागा नसते. हे काम वारंवार निघायला लागलं की मग सर्क्युलर सॉचा विचार करा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. चार इंची ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावून कापू नका, साइटवर कितीही जण तसं करताना दिसले तरी. मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेणारं ते पातं लाकडात अडकलं की मशीन उसळून अंगावर येतं. बोटं अशीच जातात.

बंदिस्त बाल्कनीत भुसा साचतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गवारीत लाकडाची धूळ पहिल्या, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या गटात मोडते, तेव्हा पॉलिश पेपर मारताना एन-९५ मास्क लावा आणि बाल्कनीच्या खिडक्या उघड्या ठेवा. आणि जूनपासून पुढे चार महिने, काम संपलं की पात्यांना आणि रंध्याच्या तळाला शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवूनच ती आत ठेवा.