औषध चांगलं, खाद्य चांगलं, तरी पक्षी मेले : भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न : मोहोळ तालुक्यात माझं ५,००० ब्रॉयलरचं शेड आहे. मी, बायको आणि एक गडी राबतो; घर यावरच चालतं. २३व्या दिवशी पक्ष्यांना घरघर लागली. सोलापुरातल्या औषध दुकानदाराने सीआरडी (कोंबड्यांचा श्वसनाचा जुनाट आजार) आहे म्हणून टियाम्युलिन या प्रतिजैविकाची ४५ टक्के पावडर दिली आणि '१०० लिटरला ५० ग्रॅम' असं चिठ्ठीवर लिहून दिलं. डॉक्टरांनी पक्षी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून पक्षी पाय मागे ताणून पडू लागले. आज चौथ्या दिवशी मर १,३५० वर गेली. खाद्याच्या गोणीवरच्या चिठ्ठीत सॅलिनोमायसिन लिहिलेलं आहे. दुकानदार खाद्याला दोष देतो, मिलवाले औषधाला, औषध कंपनीचा माणूस म्हणतो मात्रा चुकली. दुकानदार ६०,००० रुपये देतो म्हणतो, पण 'काही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागतो. काय करू?

उत्तर : दादा, त्या कागदावर सही करू नका. पूर्ण आणि अंतिम समझोत्याची सही झाली की पुढचा दावा जवळपास संपतो. पैसे घ्यावेच लागले, तर पावतीवर 'नुकसानीपोटी आंशिक रक्कम, उर्वरित हक्क राखून' एवढं लिहूनच घ्या. आणि ते औषध अजून पाण्यात जात असेल, तर हे वाचणं थांबवून आधी टाकी रिकामी करा, सॅलिनोमायसिनचं खाद्य काढा, पशुवैद्यकाला शेडवर बोलवा.

तुमच्याकडे काय झालं असावं, ते आधी समजून घ्या, कारण सगळी केस त्यावर उभी राहणार आहे. सॅलिनोमायसिन हे कॉक्सी (आतड्यातला परजीवी आजार) रोखण्यासाठी खाद्यात घालतात, साधारण टनाला ६० ग्रॅम. पक्ष्याचं यकृत ते रोजच्या रोज मोडून टाकतं. टियाम्युलिन यकृताचं हे कामच रोखतं. मग खाद्यातलं नेहमीचंच सॅलिनोमायसिन अंगात साचतं, स्नायूंच्या पेशी खराब होतात आणि पक्षी पायावर उभा राहत नाही. मोनेन्सिन आणि नॅरासिन या त्याच गटातल्या औषधांबरोबरही हेच होतं. तुमच्या चिठ्ठीतला हिशेब करा : ५० ग्रॅम पावडरीत टियाम्युलिन २२.५ ग्रॅम, म्हणजे लिटरला २२५ मिलिग्रॅम. सीआरडीसाठी लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत देतात. म्हणजे मात्रा जास्त नव्हती. चुकला तो औषध आणि खाद्याचा मेळ. कंपनीच्या माणसाचं म्हणणं दुकानदाराच्या या चिठ्ठीनेच खोटं पडतं. ती चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. लॅमिनेशन करू नका.

आता पुरावा. सोलापूरच्या उन्हात मेलेला पक्षी काही तासांत सडतो आणि सडलेल्या पक्ष्यातून काही सिद्ध होत नाही. आज मरतील त्यातले ताजे पाच-सहा आणि लुळे पण जिवंत असलेले चार-पाच पक्षी शवविच्छेदनासाठी द्या. मेलेले पक्षी नेईपर्यंत साध्या फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत ठेवा. डीप फ्रीजरमध्ये गोठवले तर पेशींची तपासणी बिघडते. या विषबाधेत पोट उघडून डोळ्यांना फारसं दिसत नाही, म्हणून मांडीच्या स्नायूचे आणि हृदयाचे पातळ तुकडे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात, डॉक्टरांकडून ठेवून घ्या. सोलापूरच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातून किंवा तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यामार्फत ते औंध, पुणे येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचाही पर्याय आहे.

अहवालात नुसतं 'औषधाने मृत्यू' लिहून भागत नाही. किती पक्षी तपासले, काय आढळलं, कोणतं खाद्य आणि कोणतं औषध चालू होतं आणि राणीखेत (कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग) नव्हता, हे चारही यायला हवं. राणीखेतमध्येही पाय जातात. समोरचा वकील पहिला तोच मुद्दा काढणार. म्हणून लसीकरणाची नोंद जवळ ठेवा. दुसरा मुद्दा उन्हाळ्यात मर उष्णतेने झाल्याचा येतो, तेव्हा बॅच कार्डावर मर तासावार लिहा.

खाद्य दहा गोण्यांतून वर-मध्ये-खालून काढा, एकत्र करा, एक-एक किलोची तीन पाकिटं बांधून दोन पंचांच्या सह्यांनी सील करा. शिल्लक पावडर डब्यासकट, माहितीपत्रकासकट ठेवा. टाकीत औषधाचं पाणी उरलं असेल तर त्यातली एक बाटली सील करा. मेलेले पक्षी मोजताना तलाठी किंवा सरपंचांसमोर पंचनामा करा, मग चुना टाकून खोल पुरा. दुकानदाराशी झालेलं व्हॉट्सअॅप पुसू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (मोबाईलमधल्या पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागलं, तर मूळ फोन हाताशी असलेला बरा.

तुम्ही 'ग्राहक' आहात का? पक्षी विकायला पाळता, म्हणून व्यापारी हेतू, असा आक्षेप नक्की येईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) चं स्पष्टीकरण तुमच्या बाजूचं आहे : स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की एक-दोन मदतनीस घेतल्याने माणूस ग्राहक राहत नाही असं होत नाही. तक्रारीत 'मी, पत्नी व एक मदतनीस, उदरनिर्वाहाचं मुख्य साधन हेच' हे वाक्य स्पष्ट लिहा. अनेक चांगल्या तक्रारी या एका ओळीच्या अभावी अडकतात.

तिघांनाही सामनेवाले करा. एकाला वगळलं की उरलेले दोघे दोष त्याच्यावर ढकलतात. दुकानदाराची बाजू सगळ्यात कच्ची आहे : उत्पादकाने दिलेला इशारा विकताना पुढे न सांगणारा विक्रेता याच ग्राहक कायद्याच्या कलम ८६ मध्ये सापडतो, आणि इथे तर त्याने स्वतः उपचार लिहून दिला. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय इतरांना हा व्यवसाय करता येत नाही. दुकानाचा औषधविक्री परवाना आणि डब्यावरचा आरएक्स किंवा शेड्युल एचचा (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांचा) इशाराही तपासा. तो इशारा असेल, तर प्रिस्क्रिप्शनशिवाय विक्री हा वेगळा दोष ठरतो. कंपनीचं मात्र माहितीपत्रकावर ठरेल. 'सॅलिनोमायसिनबरोबर देऊ नये' असं छापलं असेल तर ती बऱ्यापैकी सुटते. नसेल तर ग्राहक कायद्याचं कलम ८४ (उत्पादकाची जबाबदारी) लागू पडतं. मिलने गोणीच्या चिठ्ठीवर सॅलिनोमायसिनचं नाव छापलं आहे, त्यामुळे प्रयोगशाळेत प्रमाण जास्त निघालं तरच ती अडकते.

इथे एक खाच आहे. उत्पादन दायित्वात (वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी, म्हणजे वरची कलमं) 'हानी'च्या व्याख्येतून व्यापारी किंवा आर्थिक तोटा वगळलेला आहे. म्हणून फक्त कलम ८४-८६ वर तक्रार उभी केली तर नफ्याचा भाग उडेल. मेलेले पक्षी ही मालमत्ता म्हणून त्या कलमांखाली मागा, आणि जोडीने सदोष सेवा व निष्काळजीपणासाठी कलम ३९ खाली उरलेली भरपाई मागा.

औषध आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये जनावरांची औषधंही येतात; कलम २६ खाली खरेदीदार शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. त्याच बॅचचा सीलबंद डबा मिळाला तर जरूर करा. पण अहवाल 'प्रमाणित दर्जाचे' असा आला तर घाबरू नका. औषध भेसळीचं होतं असं तुमचं म्हणणंच नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात दुकानाविरुद्ध अर्ज द्या. त्यातून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, पण त्यांची चौकशी तुमचा पुरावा होईल.

तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालेल, कंपनी कुठलीही असो. शुल्कासाठी तुम्ही वस्तूला दिलेली किंमत धरतात, नुकसान नव्हे. औषध आणि खाद्याची मिळून ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. आधी तिघांना स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या. रकमेसाठी मागच्या तीन बॅचच्या विक्री पावत्या काढा : मेलेले पक्षी गुणिले विक्रीच्या वयाचं सरासरी वजन गुणिले त्या आठवड्याचा शेडवरचा दर, वजा मेलेल्या पक्ष्यांना न लागलेल्या खाद्याचा खर्च.

वाचलेले पक्षी घाईने बाजारात काढू नका. डब्यावर कोंबडीच्या मांसासाठी विथड्रॉवल पिरियड (औषध बंद केल्यापासून विक्रीपर्यंत थांबायचे दिवस) दिला असेल तो पाळा. तपासून ठरवलेला नसेल तर नियमाने किमान २८ दिवस धरावे लागतात. तेवढे दिवस पक्षी ठेवायला लागलेलं खाद्य, वीज आणि पुढची बॅच लांबल्याचा खर्च वेगळ्या वहीत रोज लिहा. तोही याच तक्रारीत मागायचा आहे.