रानडुकरांचा बंदोबस्त : एकट्याचे कुंपण की साऱ्या शिवाराचे?

प्रश्न : आमचे गाव शिराळा तालुक्यात वारणेच्या खोऱ्यात आहे. रानडुकरे ऊस आणि भुईमुगाची नासाडी करतात, तर गावातील मोकाट कुत्र्यांची टोळी शेळ्यांवर तुटून पडते. बंदोबस्तासाठी तरुण मंडळी एकत्र आली आहेत. काहींचा आग्रह फासे लावण्याचा आणि कुंपणात वीज सोडण्याचा आहे. काय करणे योग्य ठरेल?
– एक शेतकरी, शिराळा

उत्तर : फासे आणि थेट लाइनवरून घेतलेली वीज, हे दोन्ही मार्ग आधी मनातून काढून टाकावेत. क्लचच्या तारेचा फास डुकरासाठी लावला, तरी त्यात बिबट्याही अडकतो, आणि आपला तालुका चांदोली राष्ट्रीय उद्यानाला लागून असल्यामुळे ही शक्यता दूरची नाही. कुंपणात सोडलेल्या विजेने रात्री पाणी पाजायला गेलेल्या माणसाचाही जीव जातो. त्याबद्दल तुरुंगवास होऊ शकतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाला धोका असल्यास कलम 11 नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो, मात्र परवानगीवाचून केलेली शिकार हा गुन्हाच ठरतो.

मुळात रानडुक्कर दरवेळी जंगलातूनच येते, हा आपला समज तपासून पाहावा. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहत असल्याने डुकराला आडोसा, पाणी आणि खाद्य एकाच जागी मिळते आणि त्याची वीण उसातच होते. तोडणी सुरू झाली की ही डुकरे शेजारच्या फडात किंवा ओढ्याकाठच्या झुडपांत सरकतात. म्हणूनच एकट्याने कुंपण घातले, तर उपद्रव बांधापलीकडच्या भावकीच्या माथी जातो (आणि पुढचे भांडण डुकरांवरून राहत नाही!). लागून असलेल्या शेतकऱ्यांनी मिळून संपूर्ण शिवाराला एकच सौर कुंपण घालावे. या कुंपणाला जोडलेल्या झटका मशीनमधून क्षणभराचे, थांबून थांबून येणारे झटके बसतात. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. डुक्कर मुसंडी मारते ते खालून, त्यामुळे सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवरच हवी. पावसाळ्यात वाढलेले गवत तारेला टेकले की झटका जमिनीत उतरतो आणि उन्हाळ्यात कोरड्या मुरुमात अर्थिंग नीट लागत नाही. गवत कोणी काढायचे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोणी ओतायचे, याची पाळी आधीच ठरवावी. सामाईक कुंपणे बहुधा पैशांअभावी नव्हे, तर या कामांच्या हेळसांडीने बंद पडतात. फटाके आणि भोंगे चार दिवस चालतात, मग डुकरे त्यांना सरावतात.

पाळीव डुकरे मोकळी सोडली जात असतील, तर ग्रामसभेने ते आधी थांबवावे. पाळीव आणि रानटी डुक्कर मूळचे एकाच जातीचे असल्याने त्यांचा संकर सहज होतो.

नुकसान दिसताच छायाचित्रे काढून वनरक्षकाला कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत शेत जसेच्या तसे ठेवावे. विलंबाने केलेले दावे अडकतात.

कुत्र्यांना विष घालणे किंवा दुसऱ्या गावच्या हद्दीत नेऊन सोडणे बेकायदेशीर आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि रेबीजची लस देऊन त्यांना मूळ जागीच सोडावे लागते. ही जबाबदारी स्थानिक संस्थेची असल्याने ग्रामपंचायतीने पशुसंवर्धन विभागाकडे लेखी मागणी करावी. सोबत कोंबड्यांच्या दुकानांतील टाकाऊ मांस ओढ्यात टाकणेही बंद करावे, कारण टोळी पोसली जाते ती त्यावरच.