पिशवीवर ‘मुंगो’, आत उडीद

मृग तोंडावर आला की बियाण्याचे फोन वाढतात. यंदा त्यातले काही फोन पिशवीवरच्या आणि बिलावरच्या शास्त्रीय नावांबद्दल होते. उत्तरं एकदाच लिहून टाकतो.

प्रश्न: उडदाचं बियाणं आणलं. पावतीवर उडीद, पण पिशवीवर ‘विग्ना मुंगो’ छापलंय. मुंगो म्हणजे मूग ना? पिशवी परत करू का?

करू नका. विग्ना मुंगो म्हणजे उडीदच. मुगाचं नाव ‘विग्ना रेडिएटा’. हा घोळ दुकानदाराचा नाही, अडीचशे वर्षांपूर्वीचा आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये मुगाला फॅसिओलस रेडिएटस म्हटलं आणि 1767 मध्ये फॅसिओलस मुंगो हे नाव दिलं, ते उडदाचं ठरलं. नंतर पुस्तकांतून ही नावं इकडची तिकडे होत राहिली. मुगाला फॅसिओलस ऑरियस असं आणखी एक नाव होतं, आणि जुन्या पुस्तकांतून शिकलेल्यांच्या तोंडात अजून तेच बसलंय. 1950 च्या दशकात दोन्ही पिकं राजम्याच्या कुळातून काढून चवळीच्या कुळात, म्हणजे विग्नात, घातली गेली. आडनाव बदललं, पण मुंगो उडदाकडेच राहिलं. आधी दिलेलं नाव टिकवायचं, असा वनस्पतिशास्त्रज्ञांचा नियमच आहे.

तरी खात्री हवी असेल तर चार दाणे तळहातावर घ्या. दाण्याच्या कडेला पांढरी रेघ असते, तो डोळा. उडदाच्या डोळ्याची कड उचललेली असते आणि मध्ये खोलगट लागतं. मुगाचा डोळा सपाट असतो, नख अडकत नाही. रंगावर जाऊ नका, हिरवट उडीदही असतो आणि काळा मूगही. पिशवीवर खरं बघायचं ते वाणाचं नाव (टीएयू-1 वगैरे), लॉट नंबर, तपासणीची तारीख आणि उगवण. उगवण किमान 75 टक्के हवी. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो. पावती आणि टॅग हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर लॅटिन नाव नाही, हेच कागद उपयोगी पडतात.

प्रश्न: बांधासाठी रामकाठीची रोपं घेतली. बिलावर ‘अकेशिया निलोटिका’, मोबाईलच्या ॲपमध्ये ‘व्हॅचेलिया निलोटिका’. रोपवाटिकेने फसवलं का?

नाही. रामकाठी हा बाभळीचाच एक प्रकार, आणि दोन्ही नावं आपल्या बाभळीचीच. पण यामागचं भांडण ऐकण्यासारखं आहे. अकेशिया हे नाव काट्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलं आणि बाभळीसारख्या काटेरी झाडांनाच पडलं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या हजारभर जातीही त्याच नावाखाली घातल्या गेल्या. हे एक कुळ नाही, वेगवेगळी कुळं आहेत असं पटल्यावर प्रश्न आला की जुनं नाव कुणी ठेवायचं. नियमाने ते बाभळीकडे राहायला हवं होतं. ऑस्ट्रेलियावाले म्हणाले, आमच्या हजार जातींची नावं बदलण्यापेक्षा तुमची थोडी बदला. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान झालं. निम्म्याहून जास्त मतं बदलाच्या विरोधात पडली, पण अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाकडे द्यावं ही समितीची शिफारस फिरवायला 60 टक्के लागत होती. तेवढी भरली नाहीत. आफ्रिकेतल्या लोकांनी फार चिडचिड केली. 2011 च्या परिषदेत तोच निर्णय कायम झाला, आणि ती परिषद भरली होती मेलबर्नला! बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगालिया झाला. माझं मत विचाराल तर बाभळीवर अन्याय झाला. पण म्हणून तिच्या शेंगा शेळ्यांनी सोडल्या नाहीत.

कोकणात रस्त्याकडेला लावलेलं, बिनकाट्याचं, विळ्यासारख्या पानांचं ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ नावाचं झाड आता खरा अकेशिया ठरलंय. त्यामुळे नुसतं ‘अकेशियाची रोपं द्या’ म्हणालात तर तीही मिळू शकतील. रामकाठीच मागा. बाभळीला जोडीने सरळ पांढुरके काटे, पिवळी गोंड्यासारखी फुलं आणि मण्यांच्या माळेसारखी शेंग असते. रामकाठीच्या फांद्या खराट्यासारख्या वर जातात, म्हणून पिकावर सावली कमी पडते.

प्रश्न: सुबाभूळ, वेडी बाभूळ आणि बाभूळ एकच का? पाला जनावरांना चालतो का?

तिन्ही वेगळी. उलट इथे गावची नावंच फसवतात. सुबाभूळ म्हणजे ल्युसिना, मूळची मध्य अमेरिकेकडची. तिच्या पाल्यात मिमोसीन हे विषारी द्रव्य असतं. चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको, नाहीतर जनावराचे केस गळतात. घोड्याला देऊच नका. वेडी बाभूळ बहुतेक गावांत प्रोसोपिसला म्हणतात. तीही बाहेरून आलेली आहे. पडीक रान खाऊन टाकते, ती बांधावर लावू नका.

प्रश्न: खैराचं नाव बदललं म्हणता, मग तोडायला परवानगी लागणार नाही ना?

लागणार. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत खैर आहे, आणि नाव बदललं तरी तो खैरच. आधी अर्ज करा, कुऱ्हाड नंतर.