बांध चकाचक, तरी पिकावर मावा: असं का होतं?

नमस्कार. या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांतले बरेचसे वरवर वेगळे दिसले तरी एकाच मुळाचे आहेत, ते म्हणजे शेतातले आणि बांधावरचे उपयोगी जीव, म्हणून त्यांची उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न: "साहेब, बांधावरचं गवत, झुडपं सगळी काढली, वरून तणनाशकही मारलं. किडीला लपायला जागा ठेवली नाही. तरी मावा नेहमीपेक्षा जास्त आला."

तुम्ही किडीची जागा काढलीत हे खरं. पण तिला खाणाऱ्यांचीही काढलीत, आणि त्यांना परत यायला किडीपेक्षा जास्त वेळ लागतो.

मावा म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड. उबदार हवेत माव्याची मादी नराशिवाय पिल्लं घालते, तीही अंडी नव्हे, थेट चालती पिल्लं. आठ-दहा दिवसांत ती पिल्लं स्वतः प्रसवायला लागतात. उलट मावा खाणाऱ्या ढालकिड्याला (लेडीबर्ड) अंड्यातून प्रौढ व्हायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात, आणि पोटाला मावा मिळाल्याशिवाय तो अंडी घालत नाही. म्हणजे रिकाम्या रानात मावा वाऱ्यावर आधी पोहोचतो आणि ढालकिडा मागाहून येतो. बांध जिवंत असेल तर ढालकिडा गवतावरच्या दुसऱ्याच कुठल्यातरी माव्यावर तग धरून शेजारीच बसलेला असतो. फरक फक्त या उशिराचाच, पण पीक वाचतं की जातं ते त्यावर ठरतं.

बहिर्गोल भिंग असेल तर एक करून बघा. मावा लागलेलं पान उलटं करा. हिरव्या-काळ्या माव्यांत काही मावे फुगलेले, गोल, सोनेरी-तपकिरी दिसतील. बोटानं ढकलले तरी हलत नाहीत, अंग कागदासारखं वाळलेलं असतं. काहींच्या पाठीला टाचणीनं पाडल्यासारखं गोल भोक दिसेल. माव्याच्या पोटात अंडं घालणाऱ्या बारीक गांधीलमाशीचं पिल्लू आतून मावा खाऊन त्या भोकातून बाहेर पडलेलं असतं. ही माशी डासापेक्षा लहान. तिची मादी मावे शोधत फिरते, पण तिचं स्वतःचं पोट फुलातल्या मधावर चालतं. फूल नसलं तर ती दोन-चार दिवसांत मरते, मध मिळाला तर कितीतरी जास्त जगते. बांधावरचं फुललेलं "निरुपयोगी" तण म्हणजे तिची शिदोरी.

मात्र बांध राखा म्हणजे काहीही वाढू द्या, असं नाही. गाजरगवत राखू नका. त्यावर पिठ्या ढेकूण पोसला जातो आणि काही विषाणूंनाही ते आसरा देतं. पिकाच्याच कुळातली तणं फुलोऱ्याआधी उपटा. बाकीचं गवत कापायचं तर एका वेळी अर्धाच बांध कापा, उरलेला पंधरा-वीस दिवसांनी. मुद्दाम लावायचं असेल तर धणे, बडीशेप, मोहरी लावा. यांची फुलं बारीक आणि उघडी, लहान तोंडाच्या माशीलाही त्यातला मध पोहोचतो. झेंडू सगळेच सुचवतात, मीही पूर्वी सुचवत असे. पण त्या गच्च फुलातून या बारीक माश्यांना फारसं काही मिळत नाही.

प्रश्न: "भातावर तुडतुड्यांसाठी औषध मारलं. पंधरा दिवसांत तुडतुडे दुपटीनं वाढले. औषध बनावट होतं का?"

बनावट औषधं असतात. पण तुम्ही सांगता तशी वाढ अस्सल औषधानंही होते, बऱ्याचदा अस्सल औषधानंच होते. याचा धडा इंडोनेशियानं फार महागात घेतला. 1984 मध्ये तो देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. कीटकनाशकांवर सरकारचं मोठं अनुदान होतं, फवारण्या वाढत गेल्या, आणि भाताचा रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं करपवली. फिलिपिन्समधल्या भातशेतांत कीटकशास्त्रज्ञ पीटर केनमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की फवारणीनं शेतातले कोळी आणि इतर शिकारी मरतात आणि तुडतुडा मोकळा सुटतो. त्याची अंडी तर पानाच्या आवरणात टोचलेली असतात, औषध तिथवर पोहोचतच नाही. 1986 मध्ये इंडोनेशियानं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढच्या काही वर्षांत अनुदानही काढून घेतलं. भाताचं पीक काही त्यामुळे बुडालं नाही.

यातला माझा सगळ्यात आवडता भाग 1996 साली प्रसिद्ध झालेल्या जावा बेटावरच्या अभ्यासातला आहे. प्रश्न साधा होता: लावणीनंतर शेतात कीड नसतेच, मग कोळी तेव्हा जगतात कशावर? उत्तर चिखलात सापडलं. कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर चिलटांसारखे असंख्य बारीक कीटक वाढतात. ते भाताला काहीच करत नाहीत. कोळी आणि पाण्यावरचे ढेकूण आधी त्यांच्यावर पोसले जातात, संख्येनं वाढतात, आणि महिन्या-दीड महिन्यानं तुडतुडा येतो तेव्हा राखण आधीच उभी असते.

आता तुमची पहिली फवारणी आठवा. लावणीनंतर विसाव्या-पंचविसाव्या दिवशी, "काहीतरी उडतंय" म्हणून? ते उडणारं बहुतेक तेच चिलट होतं. त्यामुळे लावणीनंतर पहिले 40 दिवस पानं खाणाऱ्या अळीसाठी सरसकट फवारणी टाळा. त्या वयात भात चार पानं गेली तरी फुटव्यांनी भरून काढतो. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात 1990 च्या दशकात हीच मोहीम चालवली गेली आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेताच्या तुकड्यावर करून पाहूनच ती स्वीकारली. तुम्हीही आधी एका तुकड्यावर करा. तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी असतात, तेव्हा वाकून तिथे मोजा. बरोबर कोळीही मोजा. तुडतुडे नुकसानीच्या पातळीच्या वर, म्हणजे फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त नुकसान करतील इतके, असतील तरच फवारा, आणि फक्त तुडतुड्यावर चालणारं औषध निवडा.

प्रश्न: "बांधाला जागा सोडायची म्हणजे तेवढं पीक गेलं. ते कोण भरून देणार?"

प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमधल्या हिल्सडेन इथल्या मोठ्या व्यापारी शेतावर सहा वर्षं हेच मोजलं गेलं. काही भागांत 3 टक्के, काहींत 8 टक्के जमीन पिकातून काढून फुलझाडं-गवताला दिली आणि उरलेल्याशी तुलना केली. 2015 मध्ये निकाल आला: जमीन कमी होऊनही शेताचं एकूण उत्पादन घटलं नाही, काही पिकांत वाढलं. एक कारण तुम्हाला ठाऊकच आहे. कडेच्या तासांत पीक तसंही कमी येतं, कारण तिथे सावली, यंत्र वळवल्यानं दबलेली माती, शेजारचं तण. दुसरं कारण कीटक. पण फायदा हळूहळू, वर्षांगणिक वाढत गेला. पहिल्याच वर्षी हिशोब मांडलात तर निराश व्हाल.

आणखी एक सांगणं माझं कर्तव्य आहे. 2018 मध्ये जगभरच्या 132 अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा शेताभोवती रान असलं की कीड कमी होतेच असं आढळलं नाही. कुठे घटली, कुठे वाढली. म्हणून मी "बांध राखा, औषध विसरा" असं म्हणत नाही. जिथे पीक मुळातच कमी येतं तिथली जागा आधी सोडा आणि तुमच्या शेतात काय होतं ते वहीत लिहा.

प्रश्न: "वेलाला फुलं भरपूर, पण फळ वाकडं, एका बाजूनं पोचट."

पाणी-खत नीट असेल तर परागीभवन अपुरं आहे. वेलवर्गीय पिकांत नर-मादी फुलं वेगळी. परागकण चिकट, वाऱ्यानं जात नाहीत. मादी फूल बहुधा एकच दिवस काही तास उघडं असतं आणि त्यात मधमाशी पुन्हा पुन्हा यावी लागते. एका बाजूला पराग कमी पडला, की त्या बाजूला बी धरत नाही आणि फळ तिकडे वाकतं. फवारणी सकाळी करत असाल तर ती आजच थांबवा, फुलं मिटल्यावर करा. पेटीतल्या मधमाशीवरच विसंबू नका. जगात मधमाशीच्या गोतातल्या माश्यांच्या 20 हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जमिनीत बिळं करून राहतात. बांधाचा थोडा उघडा, न नांगरलेला उतार त्यांना पुरतो.

याला घाबरवणारं रूप देणारेही भेटतात, की मधमाशी गेली तर उपासमार. तसं नाही. 2007 च्या एका आढाव्यात जगातल्या 115 प्रमुख पिकांपैकी 87 पिकांना प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा फायदा होतो असं दिसलं. पण वजनानं पाहिलं तर ही पिकं एकूण उत्पादनाच्या 35 टक्के. गहू, भात, मका माशीवाचून पिकतात. फळं, वेल आणि बऱ्याच तेलबियांना मात्र माशी हवी.

प्रश्न: "जैवविविधता जंगलवाल्यांनी सांभाळावी. आमच्या दोन एकरानं काय फरक पडतो?"

जर्मनीत 63 संरक्षित ठिकाणी 27 वर्षं सापळे लावून उडणाऱ्या कीटकांचं वजन केलं गेलं. 2017 मध्ये निष्कर्ष आला: वजन तीन-चतुर्थांशाहून जास्त घटलं. ही शेतं नव्हती, राखीव जागा होत्या. पण बहुतेकींच्या चोहीकडे शेती होती. नेमकं कारण एकच ठरवता आलं नाही. तरी एवढं दिसतं, की कीटकाला सात-बारा वाचता येत नाही. राखीव जागेतून उडाला की तो तुमच्या-माझ्या रानातच उतरतो.

शेवटी एक विनंती. "नवीन कीड आली" म्हणून परवा एका शेतकरीदादांनी काड्यापेटीत काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांचे, छोट्या मगरीसारखे जीव आणून दिले. चौदा होते. फवारणीची तयारी घरी करूनच आले होते. ती ढालकिड्याची पिल्लं निघाली. एकेक दिवसाला डझनावारी मावे फस्त करणारी. तेव्हा अनोळखी कीड दिसली तर आधी दाखवा, मग पंप भरा. डबीला भोकं पाडा, सोबत ती ज्यावर होती ते पान ठेवा, आणि उन्हात ठेवू नका. त्या चौदांपैकी अकरा जिवंत होती, ती त्यांच्याच हाती परत रानात पाठवली.