शार्कच्या तोंडाची गाडी

पत्र

ताई, वय 44, राहणार कोथरूड. मला हॉट व्हील्सच्या खेळण्यातल्या छोट्या गाड्या जमवायचा नाद आहे. तिसरीत होतो तेव्हा मामानं लिओची एक लाल गाडी आणून दिली होती, भारतात बनलेली, तेव्हापासूनचा. आज घरात साडेआठशे गाड्या आहेत. पण गेल्या वर्षा-दीड वर्षात काहीतरी बिघडलंय. नवीन वर्षाच्या गाड्यांचे फोटो आले की आधी चुकाच दिसतात. बुड प्लास्टिकचं केलं, टँपो म्हणजे अंगावरची छपाई सरकलीय, तीच कास्टिंग, म्हणजे त्याच साच्यातली गाडी, चौथ्यांदा रंग बदलून आणली. दोनेकशे गाड्या विकून टाकल्या. दर शनिवारी सकाळी चार-पाच दुकानं फिरतो, बहुतेक वेळा चिडून परत येतो, कारण कुणीतरी आधीच पोचून खोकंच्या खोकं उचललेलं असतं आणि तीच गाडी तिप्पट भावानं ग्रुपवर विकतो. बायको म्हणते, तुमची हौस फिटली, आता नुसता हेका उरलाय. ग्रुपवरचे मित्र म्हणतात, तू दर्दी झालायस.

मागच्या महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं तिच्या पैशातून तुळशीबागेतून माझ्यासाठी एक गाडी आणली. जांभळी, पुढं शार्कचं तोंड. मी हातात घेतली आणि म्हणालो, "अगं, ही फँटसी कास्टिंग आहे, नुसती कल्पनेतली गाडी, हिला काही किंमत नसते. आणि हा बघ, डोळा वाकडा छापलाय." ती काही बोलली नाही. तेव्हापासून माझ्या खोलीत येत नाही. मला खरंच विचारायचंय, इतक्या वर्षांनी माणसाला या गोष्टींचा वीट येतो, की तो चोखंदळ होतो? माझं काय झालंय?

— एक जुना संग्राहक

उत्तर

तुमचं पत्र वाचलं आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाला हाक मारली. तोही तुमच्याच पंथातला. त्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावर चौदा गाड्या मांडल्या आणि दीड तास मला शिकवत बसला. प्रत्येक गाडी तो आधी उलटी करायचा. बुडावरचं साल हे गाडी कारखान्यातून निघाली त्याचं नसतं, कास्टिंगचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. गाडी नेमकी कधी बनली हे बघायचं, तर तिथंच बारीक छापलेलं एक अक्षर आणि दोन आकडे शोधायचे. अक्षरावरून वर्ष कळतं, आकड्यांवरून आठवडा. हे सांगताना त्या मुलाचा चेहरा असा काही उजळला होता, की मला तुमची फार आठवण झाली. तुम्हीही कधीतरी असेच कुणाला तरी सांगत बसला असणार.

तुम्ही विचारलंत, वीट की चोखंदळपणा. मला तुमच्या पत्रात दोन्ही दिसतात, फक्त वेगवेगळ्या जागी. तुम्ही, तुमच्या सौभाग्यवती आणि तुमचे मित्र, सगळ्यांनी मिळून ते एकाच पिशवीत कोंबलंय.

माझे वडील मंडईत आंबे घ्यायला जायचे तेव्हा मी बरोबर असायची. पेटी उघडायला लावायचे, एकेक आंबा उचलून देठाशी नाक न्यायचे, डोळे मिटायचे. दहा पेट्या बघून एक घ्यायचे. विक्रेते वैतागायचे. पण त्याच माणसाला आजोळी कुणी रायवळ आंब्यांची बादली पुढं केली, की सदरा काढून, कोपरापर्यंत रस ओघळू देत, पंधरा-वीस आंबे चोखून व्हायचे. बाठ बघून सांगायचे, हा त्या विहिरीकडच्या झाडाचा दिसतोय. रायवळ हापूस नाही अशी तक्रार त्यांनी जन्मात केली नाही. ज्याला पारख असते तो जास्त वेळ थांबतो, एवढं मी त्यांच्याकडून शिकले. वीट आलेला माणूस थांबतच नाही. त्याचा निकाल वस्तू हातात यायच्या आधीच लागलेला असतो.

आता तुमच्या गाड्या विकण्याबद्दल. या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. तो मुलगा मला सांगत होता की मेनलाइनच्या, म्हणजे नेहमीच्या साध्या मालिकेतल्या गाडीच्या कार्डावर 250 पैकी कितवी गाडी तो आकडा असतो. वर्षाला अडीचशे! त्यात जुन्याच कास्टिंग नव्या रंगात. अडीचशेच्या अडीचशे गाड्यांवर सारखं प्रेम कुणाचं बसेल? विशीत हातात येईल ते घेतलंत, कारण तेव्हा आपल्याला नक्की काय आवडतं हेच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. धातूचं बुड, रबरी टायर, ओळखीच्या खऱ्या मोटारींची घडण. त्यात न बसणाऱ्या दोनशे गाड्या काढून टाकल्यात, तर हौस फिटली असं कशाला म्हणायचं? हौसेला आकार आला म्हणा. सौभाग्यवतींना हे सांगा, आणि सांगताना उरलेल्या साडेआठशेंतली एक हातात घेऊन सांगा. बुडाच्या धातूबद्दलची तुमची तक्रारही मला रास्त वाटते. मी दोन्ही प्रकारच्या गाड्या तळहातावर ठेवून पाहिल्या. फरक मलासुद्धा कळला.

मग बिघडलंय कुठं? शनिवारी सकाळी.

तुमच्या पत्रात चिडण्याचा शब्द येतो तो दुकानांच्या ओळीत, हे तुमच्या लक्षात आलंय का? कोण आधी पोचलं, कुणी खोकंच्या खोकं उचललं, कोण तीच गाडी तिप्पट भावानं ग्रुपवर विकतो. तुमच्या चिडण्याला कारण आहे, मी नाही म्हणत नाही. पण ही शोधाशोध मुळात रचलेलीच अशी आहे. 1995 मध्ये ट्रेझर हंट, म्हणजे मुद्दाम थोड्याच काढलेल्या गाड्यांची मालिका, सुरू झाली तेव्हा वर्षाला बारा गाड्या आणि प्रत्येकीचे फक्त दहा हजार नग होते. 2007 पासून तिच्यात साधं आणि सुपर असे दोन प्रकार आले. सुपरला स्पेक्ट्राफ्लेमचा चकचकीत रंग आणि रबरी टायर. ती गाडी सुंदर असते यात शंका नाही. पण तुम्ही त्या एका गाडीसाठी पेगवरची, म्हणजे दुकानातल्या खुंटीवरची, शंभर कार्डं भराभर मागं सरकवता, तेव्हा त्या शंभर गाड्या तुमच्यासाठी गाड्या राहत नाहीत. त्या नुसत्या आड येणाऱ्या वस्तू होतात. वर्षानुवर्षं दर शनिवारी डोळ्यांना हेच वळण लावलं, की घरी आल्यावरही डोळे तेच करतात. समोर जे आहे ते सरकवायचं आणि जे नाही ते शोधायचं.

वीट तुम्हाला आलाय तो या धावपळीचा. गाड्यांचा नाही, हे मी ठामपणे म्हणते. कारण पत्रात एका जागी तुमची भाषा एकदम मऊ झालीय, "मामानं लिओची एक लाल गाडी आणून दिली होती" या ओळीत.

त्या लाल गाडीबद्दल थोडं बोलू. लिओच्या, म्हणजे आपल्याकडे भारतात तयार झालेल्या त्या गाड्यांच्या मागं आज संग्राहक किती असतात, हे तुम्ही मला सांगायला हवं. बुडावर लिओ आणि इंडिया ही अक्षरं दिसली की तुमचे मित्र हळवे होतात. त्या मुलाकडे एक होती, निळी. दरवाजाशी रंगाचा थर इतका जाड, की फट जवळजवळ बुजलेली. खिडकीचं प्लास्टिक एका कोपऱ्यात वर आलेलं. मी म्हटलं, अरे, ही तर बिघडलेली आहे. तो म्हणाला, "काकू, हीच तर गंमत आहे!" तुमची लाल गाडीही फार वेगळी नसणार. त्या गाडीवरच्या अशा चुकांना तुम्ही व्हेरिएशन म्हणता, आणि लेकीच्या गाडीचा वाकडा छापलेला डोळा मात्र दोष ठरतो.

आणि फँटसी कास्टिंगला किंमत नसते, हे तुमचं वाक्य मला पटलं नाही. 1968 मध्ये हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा गाड्या आल्या. त्या सोळांत 'बीटनिक बँडिट' होती, डोक्यावर पारदर्शक घुमटासारखं छत असलेली, प्रदर्शनासाठी बनवलेल्या एका मोटारीवरून घेतलेली. तशी मोटार ना कर्वे रस्त्यावर दिसेल, ना अमेरिकेतल्या कुठल्या गल्लीत दूध आणायला जाताना. ज्या परंपरेचे तुम्ही वारकरी, तिच्या पहिल्याच वर्षात अशी कल्पनेतली वाहनं होती, आणि आज तुमच्यासारखेच जाणकार त्या पहिल्या सोळांना हात लावताना हात पुसून घेतात. शार्कचं तोंड असलेली जांभळी गाडी त्यांच्याच घराण्यातली आहे.

आता मुख्य गोष्ट. लेक.

नऊ वर्षांच्या मुलीनं तुळशीबागेत जाऊन स्वतःच्या पैशातून काय काय घेतलं असतं, जरा डोळ्यांपुढं आणा. बांगड्या, क्लिपा, भातुकली, खडे लावलेल्या डब्या. त्या सगळ्यातून वाट काढत ती एका खेळण्यांच्या दुकानापाशी गेली आणि बाबांसाठी गाडी निवडली. किती गाड्या हातात घेऊन परत ठेवल्या असतील, कुणास ठाऊक. म्हणजे तीही पारख करत होती. तिला त्या दिवशी तुमच्याकडून गाडीचा भाव ऐकायचा नव्हता. आपली निवड बाबांना कळली का, एवढंच तिला बघायचं होतं. तुम्ही खोटं बोललात असं नाही. तुम्हाला जे माहीत होतं ते सांगितलंत. पण सगळ्यात आधी तेच सांगितलंत, आणि त्यातच ती हिरमुसली.

तिच्याशी लांबलचक माफीनामा करू नका. नऊ वर्षांच्या मुलांना त्यानं अवघडल्यासारखं होतं. ती गाडी घेऊन तिच्याजवळ बसा आणि विचारा, ही का घेतलीस? मग उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. कास्टिंग, टँपो, पेग यांपैकी एकही शब्द नको. ती शार्कबद्दल सांगेल, रंगाबद्दल सांगेल, कदाचित म्हणेल की हिचं तोंड तुमच्यासारखं दिसतं. म्हटलं तर म्हणू द्या.

शनिवारची फेरी तीन महिने बंद ठेवा. मला माहितीये, हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. काहीतरी दुर्मीळ हातचं जाईल. जाऊ द्या. त्याऐवजी एका शनिवारी लेकीला घेऊन तुमच्याच कोथरूडमधल्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात जा. भाऊ जोशींच्या आयुष्यभराच्या नादातून ते उभं राहिलंय. गाड्या सुटतात, सिग्नल बदलतात, दिवे लागतात, आणि बघणारी लहान-मोठी माणसं सारखीच पुढं वाकतात. दुसऱ्या शनिवारी बाजीराव रस्त्यालगतचं केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते उभं केलं आणि सगळा संग्रह राज्याला देऊन टाकला. तिथं अडकित्त्यांच्या कपाटापुढं थांबा. सुपारी कातरायचं एवढंसं हत्यार, पण कुठं पक्षी, कुठं घोडा, कुठं माणसाची जोडी. शेकडो बघितल्यावरही त्यांना पुढचा अडकित्ता हातात घ्यावासा वाटला असेल, म्हणून ते कपाट भरलं. लेकीला त्यातला एक निवडायला सांगा, तुम्हीही एक निवडा, आणि का निवडला ते एकमेकांना सांगा.

ग्रुपचं म्हणाल तर थोडक्यात सांगते. नवीन पोरानं पहिल्या गाडीचा फोटो टाकला की त्याखाली चुका काढणारे जे कुणी असतात, त्यांच्यात तुम्ही असाल तर गप्प राहायला शिका. अठरा वर्षांच्या मुलाला पस्तीस वर्षांचं ज्ञान एका वाक्यात फेकून मारायचं नसतं. त्यानं विचारलं तर मग भरभरून सांगा.

नवीन वर्षाच्या गाड्या आल्या की चुका दिसणारच. दिसू द्या, डोळे तयार झालेत ते काही परत कच्चे होणार नाहीत. फक्त क्रम बदला. आधी गाडी हातात घ्या, बोटानं चाकं फिरवा, उजेडात धरून रंग बघा, हिच्यात घडवणाऱ्यानं कुठं जीव ओतलाय ते शोधा. लाखो नगांत निघणाऱ्या गाडीलाही कुणीतरी माणूसच आधी कागदावर काढतो. ते सापडलं नाही तर मग खुशाल नाक मुरडा आणि परत ठेवा. तेवढा अधिकार तुम्ही पस्तीस वर्षांत कमावलाय.

आणि ती लाल गाडी कपाटातून काढा. काचेच्या डबीत असेल तर डबी उघडा. लेकीच्या हातात द्या आणि म्हणावं, उलटी कर, बुडावर काय लिहिलंय वाच. मामानं कुठून आणली, तेव्हा तुम्ही कुठल्या वाड्यात राहत होता, ती पहिल्यांदा कुठल्या जिन्यावरून घरंगळली, सगळं सांगा. मग तिनं ती जमिनीवर ठेवून शार्कच्या शेजारी ढकलली, तर ढकलू द्या. रंगाचा एखादा टवका उडेल कदाचित.