टू-स्ट्रोकची बेअरिंग बदलतोय, क्रँकची ऑइल सील जुनीच ठेवली तर चालतील का? आणि बेअरिंग ठोकून बसवावीत की प्रेसने?

नाही चालणार. क्रँककेस (क्रँक ज्यात फिरतो ते इंजिनाचं कवच) उघडलीच आहे तर दोन्ही सील नवी टाका. 'वरून चांगली दिसतायत, राहू देत' असं जो सांगतो, त्याला टू-स्ट्रोकमध्ये सील काय काम करतं तेच कळलेलं नाही. फोर-स्ट्रोकचं सील गेलं तर खाली ऑइलचा डाग पडतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना मिश्रण आत ओढलं जातं, खाली येताना दाबलं जातं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जाऊन जळतं, पांढरा धूर येतो. ते निदान दिसतं तरी. मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या दुसऱ्या टोकावर फिरून ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या चाकाच्या, बाजूचं गेलं तर नुसती हवा आत जाते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि काहीही न गळता पिस्टन जाम होतो.

माझं पहिलं इंजिन असंच जाम झालं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. इंजिन मामांनी बांधलं होतं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं काम माझं. लिटरमागे २० मिली, मोजून. दोन-तीन आठवडे आधीपासून गाडी सांगत होती: थ्रॉटल सोडला तरी आवाज लगेच खाली यायचा नाही, प्लग काढला की पांढराफटक. मी मामांना दाखवलं. ते म्हणाले, कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरव. मग एके दिवशी भरधाव असताना मागचं चाक धरलं गेलं. क्लच वेळेवर दाबला म्हणून मी वाचलो. घरी सगळ्यांसमोर निकाल लागला: पोराने ऑइल कमी घातलं.

नवा पिस्टन टाकला आणि मामांनी ऑइल लिटरमागे ४० मिली करायला लावलं. ऑइल वाढवलं की कार्ब्युरेटरच्या जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) जाणाऱ्या तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, म्हणजे आधीच लीन असलेलं इंजिन आणखी थोडं लीन. दोन महिन्यांत पुन्हा जाम. या वेळी मी कुणाला न विचारता मॅग्नेट उतरवलं आणि सील बाहेर काढलं. ओठाला एक चीर होती, नेमकी शाफ्टवरच्या चावीच्या खाचेएवढी. सील बसवताना मामांनी ते त्या धारदार खाचेवरून तसंच कोरडं ढकललं होतं. मी ते त्यांच्या हातात दिलं, तर म्हणाले, काढताना तूच कापलंस. इतकी वर्षं झाली, आजही तेच म्हणतात.

म्हणून शाफ्टच्या खाचेवर आणि आट्यांवर पातळ टेपचा एक वेढा द्या, सीलच्या ओठाला ग्रीस लावा आणि मगच सरकवा. बहुतेक इंजिनांत स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे येते. सील सरळ बसलं पाहिजे आणि बेअरिंगला ऑइल नेणारं भोक त्याने झाकता कामा नये. शाफ्टवर सील घासून नखाला लागेल अशी खोबण पडली असेल तर नवं सीलही टिकणार नाही.

बेअरिंगचं म्हणाल तर ठोकूही नका आणि प्रेसही शोधू नका. केसचे भाग धुऊन पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा, मग ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुलतं. बेअरिंग बसतं ते ५२ मिमीचं घर १०० अंशांनी तापलं की साधारण ०.१२ मिमी मोठं होतं. बेअरिंग स्वतःच्या वजनाने आत पडतं, 'टक्' असा आवाज येतो. ज्याने तो आवाज ऐकलाय तो पुन्हा हातोडी उचलणार नाही. अडलंच तर जोर फक्त बाहेरच्या रेसवर (बेअरिंगच्या कडीवर) द्या, आतल्या रेसवर दिला तर तो गोळ्यांतून जातो आणि रेसवर ठसे उमटतात. क्रँकही ठोकून आत घालू नका, पुलरने ओढून घ्या. तो दाबून जोडलेला असतो, दोन घावांत वाकडा होतो.

कंपनी कुठलीही नामांकित घ्या, पण मॅन्युअलमध्ये सी-३ लिहिलं असेल तर सी-३च. घट्ट बसल्यावर आणि तापल्यावर आतली फट कमी होते, म्हणून सी-३ बेअरिंगमध्ये ती आधीच थोडी जास्त ठेवलेली असते.

एक सांगायचं राहिलं. काही इंजिनांत सील दोन केसच्या मधल्या खाचेत बसतं, ते जोडणीच्या आधीच घालावं लागतं, नंतर बाहेरून जात नाही. तुमचं कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे मॅन्युअल बघून ठरवा.

आणि जोडून झालं की मॅग्नेट बसवण्याआधी प्रेशर टेस्ट कराच. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करा, ६ पीएसआय हवा भरा, पाच-सहा मिनिटं काटा बघा. जास्त दाब देऊ नका, चांगलं सीलही जागचं हलेल. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा कुठे येतो ते दिसेल. इंजिन जाम झाल्यावर उघडत असाल तर हीच टेस्ट सीलला हात लावण्याआधी करा आणि बुडबुड्याचा फोटो काढून ठेवा. मी आधी सील काढलं आणि मग कारण शोधलं. तो फोटो माझ्याकडे असता तर मामांना दाखवला असता.